घरच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर: मतं कुणाची ऐकावीत आणि घ्यावं कोणतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं जोडपं, दोघांच्या नोकऱ्या. दोन पगाराची खाती, एक जोडखातं, एक क्रेडिट कार्ड, घराचं कर्ज चालू, शिवाय सासूबाईंच्या ठेवी. घरी विंडोजचा कॉम्प्युटर आहे आणि हिशेब त्यावरच ठेवायचा आहे, फोनमधले मेसेज वाचणारी अ‍ॅप्स नकोत. नेटवर वापरणाऱ्यांची मतं वाचली तर कुणी ग्नूकॅश या फुकट मिळणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला डोक्यावर घेतंय, कुणी तीन दिवसांत ते काढून टाकलंय, आणि कुणी म्हणतंय की एक्सेलसारखं दुसरं काही नाही. मग ऐकायचं कुणाचं?

मी गेली २२ वर्षं घरगुती करदात्यांची विवरणपत्रं भरते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा घरचा हिशेब बसवून देण्याचं कामही आपसूक माझ्याकडे आलं. एवढ्या वर्षांत मी एकच सवय लावून घेतली आहे. कुणी एखाद्या सॉफ्टवेअरची तारीफ केली की विचारते, “शेवटचा ताळा कधी जुळवलात?” म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटवरची शिल्लक आणि तुमच्या कॉम्प्युटरवरची शिल्लक पैशापर्यंत शेवटची एक कधी झाली? बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. त्यांनी आठवडाभर वापरून मत लिहिलेलं असतं, आणि आठवडाभरात कळतो तो फक्त रंगीत तक्त्यांचा दिमाख. ज्यांनी दोन-तीन वर्षं दर महिन्याला ताळा जुळवलाय त्यांचं मत ऐका. ते चार वाईट गोष्टीही सांगतात, आणि त्याच जास्त उपयोगाच्या असतात.

दुसरी चाळणी: मत कुठल्या देशातून आलंय? सॉफ्टवेअरला शिव्या देणारी अर्धी मतं “माझ्या बँकेशी आपोआप जोडलं जात नाही” या एका कारणावरून असतात. अमेरिकेत बँकेचे व्यवहार थेट प्रोग्रॅममध्ये उतरवून घेण्याची सोय फार जुनी आहे, तिथल्या माणसाला ती नसली की अडल्यासारखं वाटतं. आपल्याकडे बँक आपल्याला काय देते? पासवर्ड लावलेली पीडीएफ, नाहीतर एक्सेलची फाइल. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्था, म्हणजे तुमच्या संमतीने तुमच्या खात्याची माहिती दुसऱ्या संस्थेला पोचवणारी सोय, २०२१ पासून चालू आहे, पण तिच्यातून माहिती मिळते ती नियामकांकडे नोंद असलेल्या संस्थांना. तुमच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमला ती थेट ओढता येत नाही. तेव्हा ‘बँक जोडणी’ या रकान्यात कुणाला किती तारे मिळाले ते सोडून द्या, आपल्या कामाचा तो रकानाच नाही.

या प्रोग्रॅमांपैकी एका गाजलेल्या प्रोग्रॅमचा जन्म ताळ्यातूनच झालाय. १९८३ साली अमेरिकेत इंट्युट कंपनी निघाली. तिचे एक संस्थापक स्कॉट कुक यांच्या पत्नीला घरची बिलं भरून चेकबुक जुळवत बसण्याचा वैताग यायचा, आणि त्यावरून त्यांना क्विकन हा घरगुती हिशेबाचा प्रोग्रॅम सुचला. तक्ते आणि आलेख नंतर आले. मूळ गरज बँक आणि आपण एकाच आकड्यावर यावं एवढीच होती, आणि ती आजही तीच आहे.

ताळ्याने काय हाती लागतं त्याचा एक प्रसंग सांगते, कारण नुसतं “शिस्त लागते” म्हटल्याने कुणाला काही वाटत नाही. कोथरूडचं एक कुटुंब. तो ४६ वर्षांचा, ती ४३ची. जूनमधल्या एका रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही मे महिन्याचा ताळा जुळवत होतो. ग्नूकॅशमध्ये ताळ्याची खिडकी उघडली की आधी स्टेटमेंटची तारीख आणि त्यावरची शेवटची शिल्लक विचारतात. मग एका बाजूला आलेले पैसे, दुसऱ्या बाजूला गेलेले. स्टेटमेंटवर बोट ठेवत एकेका ओळीला टिक करत जायचं. खाली फरकाचा आकडा दिसत राहतो आणि तो शून्य झाल्याशिवाय काम पुरं झाल्याचं बटण दाबताच येत नाही. सगळ्या ओळींना टिक झाली, पण फरक राहिला ४५६ रुपये. ती म्हणाली, “जाऊ द्या हो, किरकोळमध्ये टाकू.” मी म्हटलं, दहा मिनिटं देऊ या. स्टेटमेंट पुन्हा वरून खाली वाचलं तर मेच्या शेवटी दोन ओळी सापडल्या, एक ४३६ची आणि एक २०ची. दोन्हींच्या नोंदी नुसत्या आद्याक्षरांच्या, त्यामुळे वाचताना डोळा त्यांच्यावरून घसरत होता. हे प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या दोन योजनांचे वर्षाचे हप्ते. बँकेत एकदा पासबुक बदलायला गेला असताना त्याने त्या फॉर्मवर सह्या केल्या होत्या आणि विसरून गेला होता. प्रत्येकी २ लाखांचा विमा, एक कशानेही मृत्यू आल्यास आणि दुसरा अपघाताचा. त्यावर वारस म्हणून नाव तिचं, आणि तिला या दोन्हींचा पत्ताच नव्हता. तिने त्याच दिवशी वहीत योजनांची नावं, खातं आणि शाखा लिहून ठेवली. ते ४५६ रुपये ‘किरकोळ’मध्ये गेले असते, तर एखाद्या वाईट दिवशी तिने तो दावा केलाच नसता.

असाच २३६ रुपयांचा फरक तर मी इतक्या घरांत पाहिलाय की आकडा दिसताच सांगते: डेबिट कार्डाचे वर्षाचे २०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६. कपाटात पडून राहिलेल्या कार्डाचे ते पैसे असतात.

मेसेज वाचणारी अ‍ॅप्स नकोत हा तुमचा निर्णय मला पटतो. खाजगीपणा तर आहेच, पण माझी तक्रार हिशेबाची आहे. अशा अ‍ॅपला “खात्यातून २८,००० गेले” एवढंच दिसतं. ते क्रेडिट कार्डाचं बिल होतं, आणि त्यातली एकेक खरेदी आधीच खर्चात धरली होती, हे अनेक अ‍ॅप्सच्या लक्षात येत नाही. खर्च दुप्पट दिसतो. नवऱ्याच्या खात्यातून जोडखात्यात पैसे टाकले की एकीकडे खर्च, दुसरीकडे उत्पन्न. एटीएममधून ५,००० काढले की लगेच ५,००० खर्च, पैसे अजून पाकिटात असले तरी. माझ्याकडे एक बाई वर्षाचा खर्च १९ लाख घेऊन आल्या होत्या, दोघांचा मिळून पगार १४ लाख असताना! बिचाऱ्या आठवडाभर नीट झोपल्या नव्हत्या. आम्ही आपसातल्या बदल्या आणि कार्डाची बिलं बाजूला काढली, तर खरा खर्च ११ लाखांच्या आत निघाला.

याला उपाय म्हणजे दुहेरी नोंद. शब्द जड वाटतो, पण आपल्या आजोबांच्या पेढीवर कीर्द-खतावणी असायची तेच हे. पैसा एका खात्यातून निघतो आणि दुसऱ्या खात्यात पोचतो, हवेत काही राहत नाही. कार्डावर किराणा घेतला त्या दिवशी किराणा वाढला आणि कार्डाचं देणं वाढलं. महिन्याने बिल भरलं तेव्हा बँकेतली शिल्लक कमी झाली आणि देणं फिटलं. खर्च एकदाच धरला गेला.

तुमच्या कर्जाचंच बघा. समजा ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ व्याज असतं आणि मुद्दल फिटतं फक्त ६,३८०. साध्या वहीत हे सगळं ‘घराचा हप्ता’ म्हणून खर्चात जातं. दुहेरी नोंदीत व्याज खर्चात जातं आणि मुद्दल कर्जातून वजा होतं. वर्षाअखेरीला कर्ज खरंच किती उरलंय ते समोर असतं, आणि बँकेचा व्याजाचा दाखला हातात आला की तोही जुळवून बघता येतो.

भिशीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बहुतेक घरांत ती असते आणि परदेशी मतांमध्ये तिचं नावही येणार नाही, म्हणून सांगते. १२ जणींची, दरमहा ५,००० ची भिशी. तिचं एक वेगळं खातं मालमत्तेत उघडा. तीन महिने भरले की १५,००० तुमचे येणे. चौथ्या महिन्यात आणखी ५,००० भरले आणि चिठ्ठी तुमची निघाली, ६०,००० हातात आले. आता खातं उणे ४०,००० दाखवेल, म्हणजे पुढच्या आठ हप्त्यांचं तुमचं देणं. बारावा हप्ता भरला की शून्य. हे ६०,००० उत्पन्न समजून कुणी सोफा घेतला की पुढचे आठ महिने ओढाताण ठरलेली.

आता नावं घेऊन बोलू.

तुमच्या घरासाठी माझी निवड ग्नूकॅश. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, १९९८ पासून चालू आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मराठी आणि कोकणीतली भाषांतरंही आहेत, पण मेन्यू मी इंग्रजीच ठेवते. अडलं की मदत शोधायला ते सोपं जातं. खात्यांची नावं मात्र बेधडक मराठीत लिहा: किराणा, दूध, शाळा, औषधं, सोसायटी. आपल्या शब्दात खातं असलं की नोंद करणारा हात थबकत नाही. हिशेबाचा काळ १ एप्रिल ते ३१ मार्च असा सेटिंगमध्ये आधीच लावून घ्या, नाहीतर अहवाल जानेवारीपासून निघतात आणि विवरणपत्राच्या वेळी काही कामाचे नसतात. म्युच्युअल फंडांचे दर अ‍ॅम्फीकडून, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेकडून, आणण्याची सोयही आहे, जोडायला थोडी खटपट लागते एवढंच.

त्याच्याविषयीच्या तक्रारीही खऱ्या आहेत. दिसायला ते जुनाट आहे. पहिले दोन आठवडे डोकं दुखतं. नोंदीची दुसरी बाजू भरली नाही की ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात पैसे जाऊन बसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. घाबरू नका, ते खातं म्हणजे “इथे काहीतरी अर्धं राहिलंय” अशी खूण आहे, महिन्याअखेरीला ते रिकामं करायचं. मोठी उणीव म्हणजे फाइलला पासवर्ड लावता येत नाही, म्हणून कॉम्प्युटरची डिस्कच पासवर्डने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) ठेवा. आणि एका वेळी एकानेच उघडायचं. दोघांच्या लॅपटॉपवर एखाद्या क्लाउड फोल्डरमधून तीच फाइल उघडायला गेलात तर एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नोंदींवर बसण्याचा धोका आहे. “ही फाइल कुणीतरी वापरतंय” असा इशारा आला की तो मोडून पुढे जाऊ नका, आधी घरात विचारा. नोंदी एकाने करायच्या आणि ताळ्याला दोघांनी बसायचं, ही वाटणी मला सगळ्यात टिकाऊ वाटली आहे.

केमायमनी दिसायला जास्त मोकळं आणि समजायला थोडं सोपं आहे, शिवाय फाइल कुलूपबंद करण्याची सोय त्यात आहे. ग्नूकॅश अगदीच बोजड वाटलं तर तिकडे वळा. होमबँक हलकं आणि देखणं आहे. मॅक्सिम डोयेन या गृहस्थांनी ते १९९५ मध्ये अमिगा नावाच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी लिहायला घेतलं, आणि अजून ते चालू आहे याचं मला फार कौतुक वाटतं. फक्त खर्च कुठे जातो एवढंच बघायचं असेल तर तेच घ्या, पण कर्ज, ठेवी, फंड असा पसारा त्याच्या अंगावर टाकू नका. मनी मॅनेजर ईएक्स या दोहोंच्या मधलं आहे, त्याची अँड्रॉइडवरही आवृत्ती मिळते. टॅली घरासाठी घेऊ नका. ते धंद्याचं साधन आहे, आणि त्यासाठीच ते चांगलं आहे. क्विकनचं नाव मतांमध्ये सतत येईल, पण ते आता अमेरिका-कॅनडासाठी बनतं आणि वार्षिक वर्गणीवर मिळतं. आपल्याला त्याचा उपयोग नाही.

एक्सेलवाल्यांचं मत मी हलकं मानत नाही. एक पगार, एक खातं, कर्ज नाही, अशा घराला एक तक्ता पुरतो, आणि लिबरऑफिसचं कॅल्क तर फुकट आहे. पण तक्त्याला आपली चूक कळत नाही. माझ्याकडच्या एका गृहस्थांनी तारखेचा एकच रकाना निवडून क्रमाने लावला, बाकीचे रकाने जिथल्या तिथे राहिले. दोन वर्षांच्या नोंदींच्या तारखा भलत्याच रकमांना जाऊन चिकटल्या आणि बेरीज मात्र अचूक येत होती! तुमच्या घरात तीन खाती, एक कार्ड आणि एक कर्ज आहे. तक्त्यावर भागणार नाही.

प्रोग्रॅम कोणताही घ्या, पहिल्याच दिवशी एक गोष्ट करून बघा: सगळ्या नोंदी बाहेर काढता येतात का, आणि त्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वाचता येतात का. कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मायक्रोसॉफ्ट मनी जगभर वापरलं जात होतं, २००९ मध्ये त्याची विक्री बंद झाली. पण कंपनीने नंतर ऑनलाइन सेवेशिवाय चालणारी एक आवृत्ती फुकट दिली, आणि लोकांच्या फाइली त्यांच्याच कॉम्प्युटरवर होत्या, म्हणून जुना हिशेब उघडत राहिला. मिंट ही वेबवरची सेवा. २००७ ला आली, २००९ मध्ये इंट्युटने ती १७ कोटी डॉलरना घेतली आणि मार्च २०२४ मध्ये बंद केली. तिथे ज्यांनी मुदतीत आपल्या नोंदी उतरवून घेतल्या नाहीत त्यांच्या हातात काय राहिलं असेल? ग्नूकॅशची फाइल तुमच्याच डिस्कवर असते. प्रत्येक वेळी जतन करताना ते तारीख-वेळ घालून आधीची प्रतही ठेवतं, आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे ३० दिवसांनी जुन्या प्रती पुसून टाकतं. म्हणून दर महिन्याचा ताळा झाला की एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवू नका.

बँकेची फाइल आत घेणं हे पहिल्या महिन्यात जिकिरीचं जातं. एक्सेलची फाइल उघडून सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, म्हणून जतन करायची. वरच्या पंधरा-वीस ओळी नाव-पत्त्याच्या असतात, त्या वगळायला सांगायचं. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष निवडायचा. रकमांमधले लाखाचे स्वल्पविराम आधी काढून टाका, त्यांच्यावरून गडबड होऊ शकते. ही मांडणी एकदा जतन केली की पुढच्या महिन्यात पुन्हा सांगावी लागत नाही. यूपीआयच्या ओळी बघून धसका घेऊ नका. भाजीवाला, रिक्षा, चहा, महिन्याला दीडशे ओळी सहज होतात. दुकानाचं नाव दोन-चारदा योग्य खात्यात टाकलंत की ग्नूकॅश ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी स्वतःच सुचवतं. शंभराच्या आतल्या नोंदी मी सरळ ‘वरखर्च’मध्ये टाकायला सांगते. दहा रुपयांच्या चहाला वेगळं खातं उघडणारे लोक हिशेबच तीन महिन्यांत सोडून देतात, हे मी खूपदा पाहिलंय.

सासूबाईंच्या ठेवींसाठी वेगळी फाइल करा, तुमच्या फाइलमध्ये त्या घेऊ नका. त्या स्वतंत्र करदात्या आहेत आणि पैसा त्यांचा आहे. तो वेगळा दिसला की त्यांनाही बरं वाटतं. त्यांच्या ठेवी मुदतीअखेर व्याज देणाऱ्या असतील तर पासबुकात वर्षभर एकही ओळ येणार नाही, पण बँक दर वर्षी व्याज धरते, आणि एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांचं एका बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस कापते. समजा वर्षाचं व्याज १,२०,००० धरलं आणि १२,००० कापून ठेवीतूनच गेले. तर नोंद तीन ओळींची: व्याजाचं उत्पन्न १,२०,०००, ठेव वाढली १,०८,०००, टीडीएस खात्यात १२,०००. ही नोंद ३१ मार्चची घाला. मग आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसणारा आकडा तुमच्या फाइलशी जुळतो. ही नोंद राहिली की विवरणपत्रात व्याज कमी दाखवलं जातं आणि वर्षाने नोटीस येते. माझ्याकडे ज्येष्ठांच्या ज्या नोटिसा येतात त्यातल्या पुष्कळ याच एका गोष्टीच्या असतात.

सुरुवात जुन्या नोंदी भरण्यापासून करू नका. येत्या १ तारखेची प्रत्येक खात्याची शिल्लक आरंभीची म्हणून घाला आणि तिथून पुढे चला. ताळ्याला महिन्याच्या ५ तारखेनंतरचा पहिला रविवार ठेवा, तासभर पुरतो. पहिल्या ताळ्यात फरक येईलच. तो आला की नोंदी एकेक तपासत बसण्याआधी दोन गोष्टी करा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का बघा. जात असेल तर बहुधा कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडलेत, ५४० च्या जागी ४५० लिहिलंय, फरक ९०. आणि फरकाच्या निम्मी रक्कम यादीत शोधा. फरक १,३०० असेल आणि ६५० ची एखादी नोंद दिसली, तर ती आलेल्याऐवजी गेलेल्या बाजूला पडली आहे का ते बघा. या दोन्हींत नाही सापडलं तर स्टेटमेंटची एखादी ओळ नोंदवायचीच राहिली आहे असं समजून शेवटच्या आठवड्यापासून उलटं वाचत या.